उरलेल्या दिवसाचे तिकीट



मे महिन्यात कामठीच्या रस्त्यांवर दुपारी माणूस दिसत नाही. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे आपल्याकडे मुलांची सुटी लांबते, आणि आई-वडिलांची विवंचनाही तितकीच लांबते. पूर्वी सुटी म्हणजे आजोळ आणि सायंकाळी कन्हानच्या काठावरचा वारा. आता मुलांच्या तोंडी पाण्याच्या घसरगुंड्यांची आणि उंच झुल्यांच्या मोठमोठ्या उद्यानांची नावे असतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ 2013 साली असे एक भव्य उद्यान सुरू झाले. हैदराबाद आणि बंगळुरू येथेही ती आहेत. विणकाम, किराणा किंवा छोट्या नोकरीवर चालणाऱ्या घराला पाच माणसांची तिकिटे, रेल्वेचे भाडे आणि मुक्काम हा सगळा खर्च झेपणे सोपे नसते. म्हणून स्वस्त तिकिटाचा शोध सुरू होतो. या शोधात काही गैर नाही. मुलांना आनंद देणे हेही पुण्यकर्म आहे आणि पैसा जपून खर्च करणे हीसुद्धा आपल्या धर्माची शिकवण आहे. प्रश्न उपस्थित होतो तो या दोहोंच्या मधल्या वाटेवर.

गेल्या उन्हाळ्यात असरच्या नमाजनंतर एका परिचित बांधवाने मला थांबवले. कामठीचेच रहिवासी, कष्टाळू गृहस्थ. त्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, येथे मांडतो.

त्यांना मोबाइलवर एक जाहिरात दिसली होती. दुसऱ्या राज्यातील एका उद्यानाची दोन दिवसांची पाच तिकिटे. एक दिवस वापरून झालेला, दुसरा दिवस शिल्लक. जाहिरात देणाऱ्याचे म्हणणे असे की, घरी कोणी आजारी पडल्याने त्याला परत जावे लागत आहे आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तो अर्ध्याहून कमी किमतीत तिकिटे देत आहे. यांना त्याची दया आली आणि स्वतःची बचतही दिसली. यूपीआयने पैसे पाठवले. तिकिटांची छायाचित्रे आली. त्यांवर क्यूआर कोड होते आणि दुसऱ्याच कुटुंबाची नावे होती. विकणाऱ्याने बजावले, फाटकावर कोणी विचारलेच तर हीच नावे सांगा. मग रेल्वेतून जाताना या गृहस्थांनी आपल्या तिन्ही मुलांना ती नावे पाठ करून घेतली. मुलांना तो खेळच वाटला.

फाटकावरच्या यंत्राने पहिलाच कोड नाकारला. तो त्याच सकाळी कोणीतरी वापरून आत गेले होते. म्हणजे तीच छायाचित्रे आणखी कोणालातरी विकली गेली होती. कर्मचारी शांतपणे म्हणाला, थांबा, नाव तपासून पाहतो. आणि त्याने सर्वांत पुढे उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला सहज विचारले, बेटा, तुझे नाव काय? मुलाने आपले खरे नाव सांगितले.

ते गृहस्थ मला म्हणाले, पैसे गेले त्याचे दुःख आठ दिवसांत ओसरले. पण त्या क्षणी मी मुलाकडे ज्या रागाने पाहिले, ते माझ्या मनातून जात नाही. खरे बोलल्याबद्दल मी त्याच्यावर डोळे वटारले.

त्यांचे प्रश्न तीन होते. असे तिकीट विकत घेणे माझ्यासाठी जायज होते का? ज्याने पूर्ण पैसे भरले त्याचा उरलेला दिवस वाया जाऊ देणे हा अपव्यय नव्हे का? आणि तिसरा प्रश्न त्यांनी जरा संकोचाने विचारला. तो शेवटी घेऊ.

सर्वप्रथम तिकीट म्हणजे काय, हे समजून घ्यावे लागेल. आपण सहज म्हणतो की तिकीट विकत घेतले. मात्र धर्मशास्त्राच्या दृष्टीने कागदाचा किंवा मोबाइलवरील चित्राचा तो सौदा नसतो. आपण पैसे देतो ते ठरावीक काळ एखाद्या जागेचा, वाहनाचा किंवा साधनाचा लाभ घेण्यासाठी. अशा कराराला फिकहच्या परिभाषेत इजारा म्हणतात, आणि ज्या लाभासाठी पैसे दिले जातात त्याला मनफअत म्हणतात. घर भाड्याने घेणे, बैलगाडी ठरवणे, रेल्वेत जागा घेणे आणि उद्यानात दिवसभर झुल्यांवर बसणे हे सारे याच कुळातले व्यवहार आहेत. वस्तू विकत घेतली की ती आपल्या मालकीची होते. आपण ती वापरू, विकू किंवा दान करू. लाभ भाड्याने घेतला, तर तो ज्या अटींवर घेतला त्या अटींच्या मर्यादेतच आपला असतो.

मग भाड्याने घेतलेला लाभ दुसऱ्याला देता येतो का? हा प्रश्न मोबाइलच्या युगाने निर्माण केलेला नाही. आपल्या फकीहांनी त्यावर आठ-नऊ शतकांपूर्वीच सविस्तर विचार करून ठेवला आहे. हनफी मसलकच्या मदरशांत आजही शिकवल्या जाणाऱ्या अल-हिदाया या ग्रंथात (त्याचे कर्ते इमाम बुरहानुद्दीन मरगीनानी यांचे निधन हिजरी 593 म्हणजे इसवी सन 1197 मध्ये झाले) इजाऱ्याच्या प्रकरणात एक सुंदर भेद केलेला आढळतो. एखाद्याने राहण्यासाठी घर भाड्याने घेतले, तर तो स्वतः राहू शकतो किंवा दुसऱ्याला ठेवू शकतो. कारण राहण्याच्या बाबतीत माणसामाणसांत फारसा फरक पडत नाही. मात्र त्या घरात लोहाराची भट्टी किंवा दळणाचे जाते बसवता येणार नाही, कारण त्याने वास्तूचे नुकसान होते. याउलट सवारीसाठी जनावर घेताना अमुक व्यक्ती बसेल असे ठरले असेल, तर तिच्या जागी दुसऱ्याला बसवता येत नाही. बसवले आणि जनावर दगावले, तर भरपाईची जबाबदारी भाडेकरूवर येते. अंगावर घालण्यासाठी भाड्याने घेतलेल्या वस्त्राचाही हाच नियम आहे. कारण एकच: बसणाऱ्या-बसणाऱ्यात आणि नेसणाऱ्या-नेसणाऱ्यात फरक असतो, आणि मालकाने आपली वस्तू दिली ती माणूस पाहून.

वाचकहो, येथे आपल्या मनात एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. घोड्याला स्वाराचे वजन कळते. लोखंडी झुल्याला त्यावर रामपूरचा माणूस बसला की कामठीचा, याने काय फरक पडतो? एका दिवसाचा लाभ तर एकाच माणसाने घेतला!

फरक पडतो, आणि तो किमतीत पडतो. दोन दिवसांचे तिकीट एका दिवसाच्या दुपटीपेक्षा स्वस्त का असते, याचा विचार करा. मालक हिशेब करतो की पहिल्या दिवशी सगळे झुले पाहून झालेले कुटुंब दुसऱ्या दिवशी उशिरा येईल, थोडे खेळेल, लवकर दमेल, कदाचित येणारही नाही. म्हणून तो दुसरा दिवस स्वस्तात देतो. त्या कुटुंबाच्या जागी पहिल्यांदाच आलेले, उत्साहाने भरलेले दुसरे कुटुंब उभे केले, की मालकाने ज्या माणसासाठी सवलत दिली होती तो माणूस बदलला. तिकिटावर छापलेली हस्तांतरणाची बंदी ही त्या सवलतीचाच भाग असते. सवलत घ्यायची आणि तिची अट टाकून द्यायची, हे सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभी ज्यांची निंदा केली आहे त्या लोकांच्या वागण्याशी मिळतेजुळते आहे. ते घेताना माप पुरेपूर भरून घेतात आणि देताना कमी देतात.

आपल्या गावाला तर हा विषय रेल्वेमुळे फार पूर्वीपासून परिचित असायला हवा. कामठी हे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या मार्गावरचे स्थानक. त्या काळी रेल्वे कंपन्या जाण्या-येण्याचे एकत्र तिकीट सवलतीत देत असत. मग काही प्रवासी जाण्याचा भाग वापरून परतीचा अर्धा भाग दुसऱ्याला विकत. आजचे दोन दिवसांचे तिकीट आणि तेव्हाचे परतीचे तिकीट यांत तत्त्वतः काहीही अंतर नाही. 1890 च्या रेल्वे कायद्यानेच परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग असा विकणे आणि विकत घेणे दंडनीय ठरवले होते. सध्याच्या 1989 च्या रेल्वे कायद्यातील कलम 142 मध्येही परतीच्या तिकिटाच्या अर्ध्या भागाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासोबत आरक्षित तिकीट दुसऱ्याच्या हाती सोपवण्यालाही बंदी आहे. या कलमाने तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली, आणि ती केवळ विकणाऱ्यासाठी नव्हे, घेणाऱ्यासाठीही. असे तिकीट घेऊन जो प्रवास करतो, तो कायद्याच्या दृष्टीने योग्य तिकिटाविना प्रवास करणारा ठरतो. सणासुदीला दुसऱ्याच्या नावाचे आरक्षण दलालाकडून घेऊन मुंबईस जाणारे आणि तपासनीस आला की दुसऱ्याचे नाव सांगणारे लोक आपल्यात नाहीत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

त्याच रेल्वेने एक वैध वाटही ठेवली आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर पक्के आरक्षण बदलून घ्यायचे असेल, तर गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज करून ते करता येते. म्हणजे मालकाला विचारून केलेला बदल आणि मालकाला चुकवून केलेला बदल यांत कायदाही फरक करतो.

दूरच्या देशांतही अनुभव वेगळा नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अनेक दिवसांची तिकिटे देणारी मोठमोठी उद्याने आहेत. तेथे अशा अहस्तांतरणीय तिकिटांचे उरलेले दिवस विकण्याचा उद्योगच फोफावला. शेवटी त्या राज्याने स्वतंत्र कायदा करून अशी विक्री गुन्हा ठरवली, आणि तेथील डिस्नेच्या उद्यानांत तिकिटासोबत पाहुण्याच्या बोटाची नोंद घेण्याची पद्धत सुरू झाली. बोट जुळले नाही तर प्रश्न विचारले जातात. आखातात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या नातलगांकडे जाणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. परक्या देशात फाटकावर अडवले जाण्याची नामुष्की वेगळीच असते.

आता शरीअतच्या मूळ आधारांकडे वळू. दिव्य कुरआनच्या सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत इमानवंतांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. तिर्मिजीने नोंदवलेल्या हदीसनुसार मुस्लिम आपल्या अटींना बांधील असतात. अपवाद फक्त त्या अटीचा, जी हलालला हराम किंवा हरामला हलाल करते. तिकीट दुसऱ्याला देऊ नये, ही अट कोणतेही हराम हलाल करत नाही. ज्याने ती मान्य करून तिकीट घेतले, तो बांधील झाला. समोरचा मालक मुस्लिम आहे की नाही, श्रीमंत कंपनी आहे की गरीब दुकानदार, याने या बांधिलकीत तसूभरही फरक पडत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीचे काय बिघडते, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. सूरह अन-निसाच्या 29 व्या आयतीत परस्परांची मालमत्ता गैरमार्गाने खाऊ नका, व्यवहार परस्पर संमतीने असावा, असे सांगितले आहे. येथे विकणारा आणि घेणारा दोघे राजी आहेत, हे खरे. परंतु ज्याच्या फाटकातून आत जायचे आहे, त्या तिसऱ्याची संमती कुठे आहे?

दुसरा आधार गररचा. आदरणीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गरर असलेल्या विक्रीस मनाई केली, हे सहीह मुस्लिममध्ये आहे. गरर म्हणजे ज्या सौद्यात काय मिळणार, किती मिळणार किंवा मिळणारच की नाही, हे झाकलेले असते. पाण्यातला मासा आणि आकाशातला पक्षी विकणे ही फकीहांची नेहमीची उदाहरणे. उरलेल्या दिवसाचे तिकीट हा आजच्या काळातला पाण्यातला मासाच आहे. तो दिवस खरोखर उरला आहे का, हे तिकिटाच्या चित्राकडे पाहून कळत नाही. वापरलेले आणि न वापरलेले तिकीट दिसायला सारखेच. फरक फक्त उद्यानाच्या संगणकात असतो. पुष्कळ ठिकाणी दोन दिवस लागोपाठच वापरावे लागतात किंवा ठरावीक मुदतीत, आणि ती मुदत विकणारा सांगत नाही. एकाच क्यूआर कोडचे छायाचित्र दहा जणांना पाठवता येते. जो आधी पोहोचेल तो आत जाईल, उरलेले नऊ बाहेर. कधी तिकीट चोरीच्या बँक कार्डावर काढलेले असते आणि खऱ्या कार्डधारकाने तक्रार केली की उद्यान ते रद्द करते. अशा वेळी आपण नुसते फसवले गेलेले उरत नाही, चोरीच्या मालाचे गिऱ्हाईकही ठरतो.

आपल्या कामठीच्या जुन्या विणकरांची एक रीत होती. घडी पूर्ण उलगडून, काठापासून पदरापर्यंत कापड डोळ्यांखालून घातल्याखेरीज ते लुगडे ग्राहकाच्या हाती देत नसत. हातमागाची खटखट आता विरळ झाली, तरी ती सवय आपल्या वडीलधाऱ्यांत अजून दिसते. बाजारात ते टॉवेलसुद्धा उलगडून पाहतात. न पाहिलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा जो अधिकार हनफी फिकहने ग्राहकाला दिला आहे, त्याला खियार-ए-रुयत म्हणतात. उरलेल्या दिवसाच्या तिकिटात ही घडी उलगडते ती थेट फाटकावर, आणि तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो.

आदरणीय हकीम इब्ने हिजाम (रजि.) हे व्यापारी होते. लोक त्यांच्याकडे अशी वस्तू मागायला येत जी त्यांच्याजवळ नसे. ते सौदा करून मग बाजारातून ती आणून देत. त्यांनी याविषयी विचारले असता प्रेषितांनी (स.) जे तुमच्याजवळ नाही ते विकू नये, असे सांगितले. अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत हे आले आहे. ज्याला तिकीट दुसऱ्याला देण्याचा अधिकारच मालकाने दिलेला नाही, तो अधिकार त्याच्याजवळ नाही. मग तो विकतो काय?

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो दांभिक नव्हता. अपव्यय खरोखरच वाईट. आजारपणामुळे एखाद्याचा दिवस बुडत असेल, तर त्याने काय करावे? त्याने प्रथम उद्यानाकडेच जावे. तारीख बदलून मागावी, काही रक्कम परत मागावी, अन्य कोणास देण्याची लेखी परवानगी मागावी. मालकाने परवानगी दिली, तर तो दिवस दुसऱ्याला देण्यास हरकत उरत नाही. मात्र त्यावर नफा कमावू नये. हनफी फकीहांच्या मते भाड्याने घेतलेली वस्तू, तिच्यात काही भर न घालता, अधिक भाड्याने पुढे दिली, तर वरची रक्कम सदका करावी लागते. जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना असला की तिकिटे घेऊन दुप्पट-तिप्पट भावाने विकण्याची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी हा मसला एकदा आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा. आणि मालकाने नकार दिला तर? तर तो दिवस बुडाला. घेतलेले औषध न लागता बरे वाटले तर उरलेल्या गोळ्यांचे पैसे आपण अपव्यय मानत नाही, तसेच हे.

येथे उद्याने चालवणाऱ्यांना आणि आपल्यातील व्यापारी बांधवांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. झालेला सौदा दुसऱ्याची अडचण पाहून परत घेण्याला इकाला म्हणतात. जो असे करील त्याच्या चुका अल्लाह माफ करील, असा आशय अबू दाऊद आणि इब्ने माजा यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये आहे. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी आपल्याही दुकानांत टांगलेली असते. ती पाटी लावण्याचा हक्क असला, तरी ती काढण्याचे पुण्य मोठे आहे. दारे अशी घट्ट बंद असतात म्हणूनच लोक खिडक्या शोधतात.

आता मुलाविषयी. खरे तर माझ्या दृष्टीने या संपूर्ण व्यवहारातले मोठे नुकसान तेच होते.

अबू दाऊदमध्ये आदरणीय अब्दुल्लाह इब्ने आमिर (रजि.) यांच्या बालपणीचा एक प्रसंग आला आहे. प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसलेले होते. आईने मुलाला हाक मारली, इकडे ये, तुला काही देते. प्रेषितांनी (स.) विचारले, तुम्ही त्याला काय देणार होता? आई म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितले की, तुम्ही त्याला काहीच दिले नसते, तर तुमच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. पाहा, मुलाला बोलावण्यासाठी सहज काढलेल्या शब्दांचाही हिशेब आहे. मग रेल्वेच्या डब्यात बसवून मुलाकडून दुसऱ्याचे नाव घोकून घेणे कोणत्या खात्यात लिहिले जाईल? बारा वर्षांच्या मुलाला तिकीट खिडकीवर आठ वर्षांचे सांगणे, उंची कमी दाखवण्यासाठी गुडघे वाकवायला लावणे, हेही आपण चतुराई म्हणून हसत हसत सांगतो. मदरशात उस्ताद त्याला सत्य शिकवतात. आपण पंधराशे रुपयांसाठी त्याला शिकवतो की खरे बोलणे हे ठिकाण पाहून ठरवायचे असते. त्या मुलाने फाटकावर आपले नाव सांगितले तेव्हा तो मदरशातला धडाच म्हणत होता.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या गृहस्थांना मी स्पष्ट दिले: जेथे तिकीट हस्तांतरित करता येत नाही, हे ठाऊक आहे किंवा तिकिटावर दुसऱ्याचे नाव दिसत आहे, तेथे ते घेणे जायज नव्हते. अट माहीत नसती, तर अज्ञानाची सबब काही अंशी चालली असती. पण नावे पाठ करावी लागली तेव्हाच ते अज्ञान संपले होते.

व्यवहाराच्या काही गोष्टीही सांगणे भाग आहे. तिकीट उद्यानाच्या खिडकीवर, त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा त्याने अधिकृत केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. शाळांच्या सहली, मोठे गट आणि गर्दी नसलेले वार यांसाठी बऱ्याच ठिकाणी सवलत असते; मोहल्ल्यातील चार-पाच कुटुंबांनी एकत्र विचारणा केली, तर हलाल मार्गानेच बचत होते. यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीही नव्हे. पैसे परत करतो म्हणून जो क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगतो, तो दुसऱ्यांदा लुटत असतो. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर त्वरित फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार गेली, तर रक्कम पुढच्या खात्यात रोखली जाण्याची शक्यता असते. या गृहस्थांनी बारा दिवसांनी फोन केला. तोवर खाते रिकामे झाले होते.

आणि आता त्यांचा तिसरा प्रश्न. ते म्हणाले, तिकिटांची छायाचित्रे माझ्या मोबाइलमध्ये अजून आहेत. कामावरचा एक सोबती म्हणतो, तूही तशीच जाहिरात दे, तुझे साडेतीन हजार निघून येतील. तुला कोणी फसवले, तू कोणाला तरी दे, हिशेब बरोबर.

मी त्यांना बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले आहे. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि जो फसवतो तो आमच्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. मात्र एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: त्या विक्रेत्याने धान्य स्वतः भिजवले नव्हते. पावसाने भिजवले होते. नुकसान त्याच्यावर बाहेरूनच आले होते, जसे या गृहस्थांवर आले. तरीही ते झाकून पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्याची त्याला मुभा मिळाली नाही.

त्यांनी माझ्यासमोरच मोबाइल काढला. तक्रारीसाठी लागणारी चित्रे तक्रारीसोबत जोडलेली होतीच. बाकीची त्यांनी पुसून टाकली. मग उठता उठता मी विचारले, मुलाशी काही बोललात का?

ते म्हणाले, परतीच्या गाडीत बोललो. बल्लारशाह गेले होते, दोघे धाकटे झोपले होते, तो जागा होता. त्यानेच विचारले, अब्बू, मी नाव चुकीचे सांगितले का? मी म्हणालो, नाही बेटा, तू बरोबर सांगितलेस. चुकीचे मी शिकवले होते.